शंभर नगांचा सेट नको, मग बेकिंग करणाऱ्या वहिनीला द्यायचं काय?

तुमचा प्रश्न वाचला. वहिनी नाशिकला असते, गेली दोनेक वर्षं घरी केक आणि बिस्किटं करतेय, पुढच्या महिन्यात तिचा वाढदिवस आहे आणि तुमचं बजेट अडीच ते तीन हजार. बेकिंगमधलं तुम्हाला ओ की ठो कळत नाही (शब्द तुमचेच), आणि बाराशे रुपयांचा, शंभर नगांचा केक डेकोरेशनचा सेट तुम्ही कार्टमध्ये टाकून ठेवलाय. घेऊ का, असं विचारताय.

नका घेऊ. बाकीचं उत्तर लांबणार आहे, म्हणून एवढं आधीच सांगून मोकळी होते.

मी पुण्यात बेकिंगचे वर्ग घेते, ऑर्डरचे केकही करते. त्यामुळे हा सेट माझ्या चांगला ओळखीचा आहे. वर्गाला येणाऱ्या बऱ्याच जणींकडे तो असतो आणि बहुतेकींना तो कुणीतरी भेटच दिलेला असतो. शंभरचा आकडा भरतो कसा बघा: चाळीसेक नोझल (क्रीमची नक्षी काढायची टोकं), वीस-तीस पायपिंग बॅगा (ही टोकं लावून क्रीम दाबायच्या पिशव्या), कपकेकचे कागदी कप, फॉन्डंटची (साखरेच्या कणकेची) प्लॅस्टिकची हत्यारं आणि एक टर्नटेबल (केक ठेवून फिरवायची चकती). नोझल पातळ पत्र्याची, धुऊन नीट पुसली नाहीत तर जोडावर गंज धरतात. टर्नटेबल हलकं, एक किलोचा केक ठेवून फिरवलं की डगडगतं, मग क्रीमची कड काही सरळ येत नाही. आणि घरी केक करणारी बाई चाळीसपैकी वापरते किती? एक मोठं स्टार, एक गोल, फार तर एक पाकळीचं. बाकीची डबीत. शिवाय दोन वर्षं केक करणाऱ्या वहिनीकडे हा सेट किंवा याचा भाऊबंद आधीच असण्याची दाट शक्यता आहे.

आता मूळ मुद्दा. तुम्हाला बेकिंग कळत नाही, ही अडचण नाहीच. अडचण अशी की बेकिंगचं सामान चपलेसारखं असतं, माप चुकलं की कितीही भारी असली तरी पायात जात नाही. तिचा ओव्हन केवढा, ती अंडं वापरते का, तिचा हात कुठवर बसलाय, हे कळल्याशिवाय मी काय, कुणीच तुम्हाला नेमकी वस्तू सांगू शकणार नाही.

आणखी एक. ज्याला खरी आवड असते तो आपल्याला लागणाऱ्या वस्तू आपणच घेऊन टाकतो. बीटर लागला, घेतला. केकचं सहा इंची भांडं, म्हणजे टिन, लागला, घेतला. मग बाहेरच्या माणसाने द्यायचं काय? दोनच जागा उरतात. एक, जी वस्तू तिला लागते आहे पण लागते आहे हे अजून तिच्या लक्षात आलेलं नाही. आणि दुसरी, जी हवी आहे हे तिला पक्कं ठाऊक आहे, पण "एवढ्याशा गोष्टीला एवढे पैसे?" म्हणून दर वेळी तिचा हात आखडतो. स्वतःसाठी खर्च करताना आपल्याकडच्या बायकांचा हात फार लवकर आखडतो, आणि भेट द्यायला हीच जागा सगळ्यात चांगली.

तेव्हा आधी थोडी हेरगिरी करा. दादाला विचारू नका. दादाला ओव्हन स्वयंपाकघरात कुठे आहे एवढं माहीत असलं तरी पुष्कळ. घरात पुतणी-पुतण्या शाळकरी वयाचे असतील तर त्यांना हाताशी धरा. पोरं अशा कामात तरबेज असतात आणि गुपितही बऱ्यापैकी ठेवतात. त्यांच्याकडून एवढंच मागवा: ओव्हन गार असताना दार उघडून आतला फोटो, फूटपट्टीने मोजलेली आतली रुंदी, खोली आणि उंची, आणि बेकिंगच्या कपाटाचा किंवा खणाचा एक फोटो. नसतील पोरं, तर वहिनीच्या आईला किंवा बहिणीला फोन करा.

दुसरा पुरावा तुमच्या स्वतःच्या फोनमध्ये आहे. फॅमिली ग्रुपवर वहिनीने टाकलेले केकचे फोटो मागे जाऊन बघा. तुम्हाला ते सगळे सारखेच छान दिसले असतील. मी वर्गातल्या मुलींचे फोटो कसे वाचते ते सांगते, म्हणजे तुम्हालाही वाचता येतील.

साधा, क्रीम न लावलेला केक बघा. मधे डोंगरासारखा फुगून वर फुटलाय, कडा मात्र गडद? ओव्हन जास्त तापतोय. बाहेरून पटकन शिजून कड धरली जाते, आतलं पीठ नंतर फुगतं आणि वाट मिळेल तिथून वर येतं. केक मधे बसलाय? एकतर तो कच्चा असताना बाहेर काढला गेला, किंवा बेकिंग पावडर-सोडा मापापेक्षा जास्त पडलाय. बिस्किटांचा ट्रे असेल तर मागची रांग आणि पुढची रांग यांचा रंग ताडून बघा. मागची करपलेली, पुढची फिकट, म्हणजे ओव्हनमधली उष्णता सारखी नाही. आणि सगळ्यात बोलका पुरावा म्हणजे एकाच केकचे दोन वेगवेगळ्या महिन्यांतले फोटो. एकदा उंच, एकदा चपटा, असं असेल तर ती वाटी-कपाने मोजतेय, वजनाने नाही.

आता क्रीमचे केक. कडा धारदार, रंग सफाईदार, वर चॉकलेटची नक्षी, असं दिसत असेल तर वहिनी तुम्हाला वाटतं त्यापेक्षा बरीच पुढे गेलीय. तिला साधनं देण्याच्या फंदात पडू नका, सरळ खाली साहित्याच्या भागाकडे चला.

पहिल्या प्रकारची असेल, म्हणजे केक कधी जमतो कधी नाही अशी, तर माझं उत्तर ठरलेलं आहे: एक डिजिटल वजनकाटा आणि एक ओव्हन थर्मामीटर. दोन्ही मिळून साधारण हजार-पंधराशेत बसतात. दिसायला अगदीच रुक्ष भेट आहे, मान्य. वेष्टण उघडल्यावर कुणी "अय्या!" म्हणणार नाही. पण यामागचं कारण जरा सविस्तर सांगते, कारण इथेच बहुतेक लोक चुकीची वस्तू घेतात.

वर्गाच्या पहिल्या दिवशी मी एकच मेजरिंग कप फिरवते आणि प्रत्येकीला सांगते, एक कप मैदा भरा. मग तो काट्यावर ठेवायचा. जिने चमच्याने अलगद भरून वरून सुरी फिरवली तिचा १२० ग्रॅमच्या आसपास येतो. जिने कप थेट डब्यात खुपसून बाजूला दाबत भरला तिचा १५० च्या घरात. कप तोच, मैदा तोच. दोन कपांच्या केकमध्ये हा फरक ६० ग्रॅमचा होतो, म्हणजे जवळजवळ अर्धा कप मैदा जास्त. केक कोरडा आणि घट्ट होणारच, मग बिचारी बेकिंग पावडरच्या कंपनीला दोष देते. त्यात पुन्हा कपांचीच मापं एक नाहीत. अमेरिकन कप २४० मिलीचा धरतात, मेट्रिक कप २५० चा. ऑस्ट्रेलियन रेसिपीतला टेबलस्पून २० मिलीचा असतो, आपल्या सेटमधला १५ चा. अंड्यांचंही तसंच. अमेरिकन रेसिपीतलं मोठं अंडं टरफल काढून ५० ग्रॅमच्या आसपास भरतं, आपल्या दुकानातली अंडी बरेचदा त्याहून लहान. इंटरनेटवर जगभरच्या रेसिपी बघून करणाऱ्या माणसाला काट्याशिवाय या गोंधळातून वाट नाही.

काटा घेताना तीन गोष्टी बघा. पाच किलोपर्यंत तोलणारा, एक ग्रॅमच्या फरकाने दाखवणारा हवा. वरचा पृष्ठभाग सपाट हवा, सोबत येणाऱ्या ठरावीक प्लॅस्टिकच्या वाडग्यावरच चालणारा नको, कारण मोठं भांडं ठेवलं की आकडे झाकले जातात. आणि भांड्याचं वजन शून्य करायचं टेअरचं बटण हवं. ते हल्ली बहुतेक सगळ्यांत असतं. सोडा, यीस्ट, मीठ अशा दोन-तीन ग्रॅमच्या गोष्टींसाठी हा काटा भरवशाचा नाही. त्यासाठी सोनाराकडे दिसतो तसला, ०.१ ग्रॅम दाखवणारा खिशात मावेल एवढा काटा वेगळा मिळतो, तीन-चारशेपासून पुढे. वहिनी पाव-ब्रेड करत असेल तर हा छोटा काटा मोठ्याच्या जोडीला द्या. नुसते केक करत असेल तर गरज नाही, तिथे चमचा पुरतो.

आता थर्मामीटर. घरगुती ओटीजीवर (ओव्हन-टोस्टर-ग्रिल, ओट्यावर ठेवायचा विजेचा ओव्हन) १८० ला बटण फिरवलं म्हणून आत १८० असतंच असं नाही. वीस-तीस अंशांचा फरक मला नेहमी दिसतो, कधी वर कधी खाली. शिवाय थर्मोस्टॅट चालू-बंद होत राहतो, त्यामुळे आतलं तापमान सतत वरखाली होतं. दिवा विझला की ओव्हन तापला, असं मानून लोक केक आत ढकलतात. प्रत्यक्षात तेव्हा सळ्या लालबुंद असतात आणि भिंती, ट्रे, जाळी अजून पुरती तापलेली नसतात. जाळीच्या मधोमध थर्मामीटर ठेवायचा, दिवा विझल्यावरही दहा मिनिटं थांबायचं, मग आकडा बघायचा. असं तीन-चार वेळा केलं की आपल्या ओव्हनचा स्वभाव कळतो: "माझा १६५ वर ठेवला की खरा १८० होतो." मग तो कागदावर लिहून ओव्हनला चिकटवायचा. माझ्याकडच्या दोन ओटीजींवर असे दोन वेगवेगळे कागद आहेत.

घ्यायचा तो ओव्हनच्या आत ठेवायचा, जाळीवर उभा राहणारा किंवा लटकणारा, गोल तबकडीचा. ताप मोजायला कोविडमध्ये घेतलेलं, बंदुकीसारखं धरायचं यंत्र इथे कामाचं नाही. ते एवढं तापमान मोजतच नाही. ओव्हनच्या तापमानापर्यंत जाणारी तसली यंत्रं मिळतात, पण ती समोरच्या पृष्ठभागाचा आकडा सांगतात, आतल्या हवेचा नाही. तबकडीवर सेल्सियस आहे ना तेही बघा. काही स्वस्त थर्मामीटरांवर फॅरनहाइट ठळक आणि सेल्सियस मुंगीएवढ्या अक्षरात असतं. ३५० फॅरनहाइट म्हणजे १७७ सेल्सियस, हे वहिनीला प्रत्येक वेळी मनात करायला लावू नका.

एक अट मात्र आहे. हे सगळं ओटीजीचं. तिच्याकडे कन्व्हेक्शनवाला (गरम हवेने भाजणारा) मायक्रोवेव्ह असेल तर थर्मामीटर फक्त कन्व्हेक्शन मोडवरच वापरायचा. धातूची वस्तू मायक्रोवेव्ह मोडमध्ये आत जाता कामा नये. आणि ती अजून कुकरमध्ये, शिट्टी-रिंग काढून, खाली मीठ घालून केक करत असेल (खूप जणी उत्तम करतात), तर थर्मामीटर सोडा आणि फक्त काटा द्या.

तुम्ही कदाचित म्हणाल, मग भावंडांनी मिळून वर्गणी काढून नवा मोठा ओव्हनच दिला तर? देऊ शकता, पण तिला सांगून. मोठा ओटीजी दीड-दोन हजार वॅटचा असतो. साध्या ६ अँपिअरच्या प्लगला १,३८० वॅटच्या वर भार देणं धोक्याचं, त्याला १६ अँपिअरचा पॉवर प्लग लागतो. बऱ्याच घरांत ओट्यावर असा एकच प्लग असतो आणि तो मायक्रोवेव्हने किंवा गीझरने आधीच अडवलेला असतो. ओटाही मोजावा लागतो, ओव्हनच्या मागे-बाजूला हवा खेळायला जागा सोडावी लागते. ही सरप्राइझ द्यायची वस्तू नाही. हाच सल्ला स्टँड मिक्सरला, म्हणजे पीठ-क्रीम घुसळायच्या उभ्या यंत्राला. आणि कुणी अमेरिकेतला भाऊबंद "मी येताना तिकडून मिक्सर आणतो, स्वस्त पडेल" म्हणाला, तर त्याला हात जोडा. तिकडची यंत्रं १२० व्होल्टची, आपल्याकडे २३०. वजनदार मिक्सरच्या शेजारी तेवढाच वजनदार ट्रान्सफॉर्मर ठेवून कुणी केक करत नाही.

आता साहित्य. वहिनी हात बसलेली असेल, तर मी पैसे इथे घालीन. साधनं तिच्याकडे आहेत. जे नाही ते म्हणजे चांगलं चॉकलेट, चांगली कोको पावडर आणि खरी व्हॅनिला.

चॉकलेटचं असं आहे. आपल्याकडे घरी केक करणारे नव्वद टक्के वेळा (माझा अंदाज हं, कुणी मोजलेलं नाही) कंपाउंड चॉकलेट वापरतात. त्यात कोको बटरच्या जागी वनस्पती तूप असतं. वितळवलं, ओतलं, घट्ट झालं, टेम्परिंगची (ठरावीक तापमानाला तापवून-निववून घ्यायची) कटकट नाही, उकाड्यात टिकतं. मीही सजावटीला वापरते, त्यात कमीपणा काही नाही. पण गनाश (चॉकलेट-क्रीमचं मिश्रण), मूस (हलका, फेसाळ गोड पदार्थ), ब्राउनी यांत ते जिभेवर मेणासारखं राहतं. कूव्हर्चर, म्हणजे खऱ्या कोको बटरच्या चॉकलेटमध्ये निदान ३१ टक्के कोको बटर असतं आणि ते तोंडाच्या उष्णतेवर विरघळतं. हा फरक एकदा चाखला की कळतो, पण घरच्यासाठी ते घ्यायला हात धजत नाही. त्यात २०२४ मध्ये पश्चिम आफ्रिकेतलं पीक घटून कोकोचे भाव कडाडले, तेव्हा तर आणखीच. म्हणूनच ती भेट म्हणून उत्तम. लेबल वाचा: घटकांत कोको बटर असायला हवं, "हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट" नको. ५४-५५ टक्क्यांच्या आसपासचं डार्क घ्या, ते सगळ्यात जास्त ठिकाणी चालतं. ७० टक्क्यांचं कडवट पडतं आणि घरातली मुलं नाक मुरडतात. लादीपेक्षा छोट्या बटणांच्या आकारात मिळालं तर बरं, तोलायला आणि वितळवायला सोपं. वाढदिवस एप्रिल-मेमध्ये असेल तर कुरिअरने मागवू नका. वितळून पुन्हा गोठलेल्या चॉकलेटवर पांढरट डाग येतात. ते खराब नसतं, पण भेट म्हणून हातात द्यायला लाज वाटते.

उन्हाळा असेल तर कोको पावडर घ्या, तिला उकाड्याचं काही नाही. दुकानात सर्रास मिळते त्या पावडरमध्ये स्निग्धांश १०-१२ टक्के असतो. २२-२४ टक्क्यांची मिळते ती घ्या. रंग, वास, सगळंच वेगळं. यात नॅचरल आणि डच प्रोसेस्ड असे दोन प्रकार. नॅचरल आंबट असते आणि तिच्या आंबटपणावर सोडा फुलतो. डच प्रोसेस्डची आम्लता काढून टाकलेली असते, ती जास्त काळी आणि चवीला मऊ. रेसिपीत नुसता सोडा असेल आणि दुसरं काही आंबट नसेल तर डच प्रोसेस्ड घालून केक नीट फुगत नाही. तरीही भेटीसाठी मी डच प्रोसेस्डच निवडीन, कारण अंड्याशिवायच्या केकमध्ये आपल्याकडे दही किंवा व्हिनेगर बरेचदा असतं आणि सोड्याचं काम तिथे भागतं.

व्हॅनिलाच्या शेंगा ही माझी आवडती भेट आहे. बाटलीत मिळतं ते इसेन्स म्हणजे बहुतेक वेळा कृत्रिम व्हॅनिलिन. खरी शेंग कर्नाटक-केरळात पिकते, ऑनलाइन किंवा थेट शेतकऱ्यांकडूनही मिळते. घेताना हातात धरून बघता आली तर बघा. चांगली शेंग काळपट-तपकिरी, तेलकट चमक असलेली, बोटाभोवती गुंडाळली तरी न मोडणारी. वाळक्या काडीसारखी असेल तर राहू द्या. चार-पाच शेंगा काचेच्या लांब बाटलीत घालून द्या. फ्रिजमध्ये ठेवायच्या नाहीत हे चिठ्ठीवर लिहा. व्होडकात मुरवून घरी अर्क करता येतो, २५० मिलीला साधारण २५ ग्रॅम शेंगा आणि काही महिन्यांचा धीर. घरी दारूची बाटली चालत नसेल तर शेंग चिरून साखरेच्या बरणीत खुपसून ठेवायची, पंधरवड्यात साखरेला वास लागतो. ती साखर घातलेली नानकटाई एकदा खाऊन बघाच.

साहित्य देताना अंड्याचा प्रश्न सोडवून ठेवा. घरी अंडं चालतं का, एवढंच विचारून भागत नाही. मार्शमॅलो आणि मूसच्या तयार मिश्रणात जिलेटिन असू शकतं, ते प्राणिज. पाकिटावर हिरवा ठिपका आहे ना बघा. तपकिरी त्रिकोण असेल तर मांसाहारी. शाकाहारी घरात जिलेटिनच्या जागी अगर-अगर, म्हणजे आपलं चायना ग्रास चालतं. एक्स्पायरीची तारीखही बघाच. यीस्ट, बेकिंग पावडर, व्हिपिंग क्रीम भेट देऊ नका. पहिल्या दोन उघडल्यावर फार टिकत नाहीत आणि नॉन-डेअरी व्हिपिंग क्रीम फ्रीझरमध्ये ठेवावं लागतं. वेष्टणात गुंडाळून बसने नाशिकला पोचेपर्यंत त्याचं ताक झालेलं असेल.

टिन आणि ट्रे यांबद्दल थोडक्यात. पुतणीने मोजून दिलेल्या आतल्या मापातून सगळ्या बाजूंनी निदान एक-एक इंच वजा करा, तेवढाच टिन किंवा ट्रे त्या ओव्हनला चालतो, कारण हवा फिरायला वाट हवी. सहा इंची टिनमधलं मिश्रण आठ इंचीला पुरत नाही. क्षेत्रफळ पावणेदोन पट होतं, तेव्हा वेगळ्या मापाचा टिन दिलात तर रेसिपीचं गणितही तिच्या गळ्यात पडतं. आतून काळं नॉनस्टिक कोटिंग असलेल्यापेक्षा सरळ भिंतींचा जाड अ‍ॅल्युमिनियमचा टिन चांगला. काळा टिन खालून लवकर करपवतो आणि सुरीने एकदा ओरखडा गेला की कोटिंग निघायला लागतं. पण टिनपेक्षाही मला एक गोष्ट सुचवावीशी वाटते: दुसरा ट्रे. ओटीजीबरोबर बहुधा एकच येतो. दिवाळीत नानकटाईचा घाणा निघाला की पहिला ट्रे गार होईपर्यंत बाई नुसती उभी. पूर्वी रवा, मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीत बसायचो, तिथे ट्रेवर ट्रे असायचे. घरी मात्र एका ट्रेवर सगळा कारभार. त्याच मापाचा दुसरा ट्रे आणि गार करायला पायांची जाळी दिलीत तर ऐन दिवाळीत वहिनी तुमचं नाव काढेल. पुण्यात तुळशीबागेतल्या भांड्यांच्या दुकानांत किंवा बोहरी आळीत फिरा, मुंबईला गेलात तर क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास. पुतणीने दिलेलं माप चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा, दुकानात गेल्यावर आठवत नाही.

स्वस्तातल्या पण रोज हातात येणाऱ्या वस्तूही आहेत, मुख्य भेटीच्या जोडीला घालायला. एकसंध सिलिकॉनचा स्पॅच्युला (भांड्यातलं पीठ निपटून काढायचं उलथनं), ज्याचं पातं दांड्यातून निघत नाही असा. निघणाऱ्यात पाणी आणि पीठ साठून कुबट वास येतो. स्टीलचा डो कटर. तो पीठ कापायला, ओटा खरवडायला, चिरलेला सुकामेवा उचलायला, सगळ्याला लागतो. खरा बेकिंग पेपर, कारण दुकानात बटर पेपर म्हणून जे मिळतं त्यातलं बरंचसं ओव्हनमध्ये केकला चिकटून बसतं. ओव्हनचे हातमोजे देणार असाल तर मनगटाच्या वरपर्यंत येणारे आणि जाड द्या. ओटीजीची वरची सळई मनगटालाच चटका देते, बोटांना नाही. सुरी द्यायची असेल तर आधी घरच्यांचा कल बघा. धारदार वस्तू भेट देऊ नये असं मानणारी माणसं असतात, त्यांच्याकडून एक रुपया घेऊन ती "विकायची" पद्धत आहे.

वर्गाचं कूपन द्यावं का? मी वर्ग घेते, त्यामुळे मी हो म्हणणारच असं तुम्हाला वाटेल. खरं सांगायचं तर नवशिकीला देऊ नका, कारण "तुला अजून शिकायला हवं" असा अर्थ निघू शकतो, आणि सासरच्या माणसाकडून तो चटकन निघतो. मात्र तिने स्वतः एखाद्या विशिष्ट गोष्टीचं नाव काढलं असेल, सावरडो ब्रेड (घरच्या आंबवणावर फुगवलेला) म्हणा, चॉकलेट टेम्परिंग म्हणा, तर नाशिकमध्येच कोण शिकवतं ते शोधा आणि तारीख तिला निवडू द्या.

तेव्हा तुमच्यापुरतं बोलायचं तर: फोटोंमध्ये केक कधी उंच कधी चपटा दिसला, तर काटा आणि थर्मामीटर, उरलेल्या पैशांत पाव किलो चांगली कोको पावडर आणि एक स्पॅच्युला. तीन हजारांत आरामात बसतं, आणि कोको असल्यामुळे उघडताना "अय्या" पण होतं. केक सफाईदार दिसले, तर एक किलो डार्क कूव्हर्चर किंवा चार-पाच शेंगा व्हॅनिला, सोबत जाड हातमोजे. आणि काहीच कळलं नाही, पुतणी फितूर झाली, वहिनीच्या बहिणीने कानावर हात ठेवले, तर दुसरा ट्रे आणि जाळी, मापाची खात्री करून. मापही मिळालं नाही तर मग काटाच. काट्याला माप लागत नाही आणि असलाच तरी घरातला जुना काटा बहुधा दोन किलोचा, कडेला तुटलेला असतो.

वेष्टणात बिल ठेवा, बदलून घ्यायला लागतं. काटा घेतलात तर दुकानातच चालू करून बघा. काहींत सेल बसवलेले असतात, काहींत नसतात, आणि काहींना बटणासारखा चपटा सेल लागतो जो कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळत नाही. दोन जास्तीचे त्याच डब्यात टाका.